रस्ता आत येतोय, दार लावा!

मुंबईच्या माणसाला शांतता सोसत नाही. कोकणात गावच्या घरी गेलं की पहिल्या रात्री दोन वाजता आमच्यातला प्रत्येक जण टक्क जागा असतो. काय झालं म्हणून विचारावं, तर उत्तर एकच, "काही वाजतच नाहीये." चर्नी रोडवरून शेवटची लोकल गेली, समोरच्या इमारतीत कुणी लोखंडी जाळीचं दार ओढलं, खाली एखादी स्कूटर लाथा खाऊन सुरू झाली, की गिरगावात डोळा लागतो. रातकिड्यांच्या भरवशावर झोपायची आम्हांला सवय नाही.

आणि हाच मुंबईकर हल्ली मोटारीच्या दारांत आवाज अडवणाऱ्या शीट बसवून घेऊ लागला आहे. रस्त्याचा आवाज म्हणे आत येतो. येणारच. आमच्या रस्त्यावर बाकी कुणाला हलायला जागा नाही. आवाजाला तेवढी आहे.

पूर्वी कुणी गाडी घेतली की शेजारी पेढा तोंडात टाकता टाकता विचारायचे, "किती देते?" काही वर्षांनी प्रश्न बदलला, "मागच्यांनापण एसी लागतो का?" आता विचारतात, "केबिन कशी आहे? सायलेंट?" शोरूममध्ये गेलेलं कुटुंब बघावं. ब्रेक, एअरबॅग, हमी यांचं माहितीपत्रक घडी घालून पिशवीत जातं आणि मंडळी दाराकडे वळतात. आजोबा दार आपटतात, वडील आपटतात, नातू दोनदा आपटतो. 'खण्ण' आलं तर गाडी डबडा, 'धप्प' आलं तर "वा, काय बिल्ड आहे!" विक्रेता प्रत्येक आपटण्याला डोळे मिटून घेतो. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. दार लागताना कसं वाजावं, एवढ्यासाठी तिथे अभियंते बसलेले असतात. म्हणजे आपण ज्यावरून गाडीची ताकद जोखतो, तो आवाजही खास आपल्यासाठी रचलेला असतो.

दाराबद्दलचं हे हळवेपण आमच्यात टॅक्सीमुळे आलं असावं. प्रीमियर पद्मिनीचं दार हळू लावलं तर लागत नसे आणि जोरात लावलं तर टॅक्सीवाला असा मागे बघे, की भाड्याबरोबर पत्र्याचेही पैसे द्यावेत. हळू आणि जोरात यांच्या मधला तो नेमका झटका ज्याला जमला तो पक्का मुंबईकर. आत बसल्यावर गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी खडखडे, खिडकीची काच आपल्या मर्जीनं खाली येई आणि डाव्या अंगाला बाहेर बसवलेला मीटर पावसात भिजत टिकटिके. त्या टॅक्सीत रस्त्याचा आवाज आल्याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. गाडी स्वतःच इतकी वाजायची की रस्त्याला तोंड उघडायला संधीच मिळत नसे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. तिच्या जागी बंद काचांच्या एसी गाड्या आल्या. गाडी गप्प झाली तेव्हा कुठे आम्हांला कळलं, की बाहेर रस्ताही आहे.

आमच्या वाडीतल्या एका काकांना हे अंमळ जास्तच कळलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक लहानशी मोटार घेतली आणि वाडीच्या तोंडाशी, पिंपळाखाली, उभी केली. ती तिथेच आहे. गिरगावात गाडी चालवायला परवाना लागतो; उभी करायला पूर्वपुण्याई लागते.

"काका, ही बाहेर कधी जाते?" मी विचारलं.

"कशाला न्यायची? परत येईस्तोवर जागा राहते का?"

"मग रस्त्याचा आवाज..."

"अरे, म्हणूनच! सवय नाही तिला. एकदम दादरपर्यंत नेली की दचकते. आत नुसता घूंऽऽ आवाज. तुझ्या काकूला काय बोललो ते ऐकू येत नाही."

"आणि काकू काय बोलतात ते?"

"ते येतं," काका म्हणाले. त्यांच्या स्वरात विज्ञानाला न सुटलेल्या कोड्याविषयीचा आदर होता.

ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारींच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे आम्ही गेलो. शांतता कुठे विकत मिळते, याची मला उत्सुकता होती. दुकानात डाव्या भिंतीला माणसाच्या छातीएवढे सबवूफर, उजवीकडे अॅम्प्लिफायर, काचेच्या कपाटात जोडीजोडीनं मांडलेले हॉर्न, आणि या सगळ्यांच्या मधोमध चंदेरी शीटचे गठ्ठे. यात दुकानदाराची काही चूक नव्हती. मोटारीत ही शीट लोकप्रिय केली तीच मुळी गाणी वाजवणाऱ्यांनी. दारातला स्पीकर जोरात वाजला की दाराचा पत्राही वाजतो आणि ठेक्याचा विचका होतो; तो पत्रा गप्प बसावा म्हणून ही शीट मारायची. गाडीतला आवाज वाढवण्यासाठी आणलेली वस्तू आता गाडीतला आवाज कमी करण्यासाठी विकली जात होती. एकाच गठ्ठ्यातून अर्धी शीट लालबागच्या पोराच्या सबवूफरसाठी गेली होती आणि उरलेली अर्धी काकांच्या मनःशांतीसाठी.

दुकानदारानं काकांकडे एकदा नीट पाहिलं. "काका, घरात शांती आहे?"

"आहे... म्हणजे, ठीक आहे."

"मग गाडीतपण पाहिजे. चारी दरवाजे करून टाका. आणि तुमच्यासाठी म्हणून सांगतो, चारी केले तर हा हॉर्नचा जोड फ्री."

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "फुकट आहे ना? दे."

शांततेबरोबर हॉर्न फुकट! पुढचं सगळं रामायण या एका सवलतीतून घडलं.

शीट बसवायचं काम लालबागच्या एका गल्लीत झालं. मिस्त्रींनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि काकांच्या डोळ्यांदेखत दाराचं आतलं पॅड सोलून काढलं. क्लिपा तुटतानाचा तो 'कटक्' आवाज मालकाच्या थेट काळजात जातो. "नव्या टाकतो, काका. क्लिपा तुटायलाच असतात." पॅड निघालं आणि काका खुर्चीतून उठले. आत काहीच नव्हतं. म्हणजे काच होती, ती वरखाली करणारी मोटर होती, बाजूनं धडक बसली तर आडवा येणारा एक दांडा होता, दोनचार वायरी होत्या. पण बाहेरच्या जगाच्या आणि काकांच्या मधे मिलिमीटरभरही जाडी नसलेला एक पत्रा होता.

"एवढंच?" काका म्हणाले. "याला ते बिल्ड म्हणत होते?"

मिस्त्रींनी पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं. 'ठण्ण.' मग स्पिरिटनं पत्रा पुसला, शीटचा मागचा कागद काढला आणि भोकातून हात आत घालून ती बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवली. वर अॅल्युमिनियमचा वर्ख, खाली दोनेक मिलिमीटरचं चिकट ब्यूटाइल रबर, एवढाच तिचा संसार. तिच्यावरून छोटा रोलर जोर देऊन फिरवायचा, म्हणजे मधे हवेचे फुगे राहत नाहीत. दोन माणसांत रोलर एकच होता. दुसरा माणूस आपलं काम लाटण्यानं करत होता. मिस्त्रींनी पुन्हा पेर वाजवलं. 'ठप्प.' काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की बिल तिथेच मंजूर झालं.

या शीटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ती आवाजाला अडवत नाही. ती पत्र्याची थरथर अडवते. पत्रा थरथरला की रबर पत्रा आणि वर्ख यांच्यामधे ओढलं जातं, आणि ती थरथर रबरातच किंचित ऊब होऊन विरते. त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही. निम्म्याहून कमी भागावर नीट चिकटवली तरी काम भागतं. मिस्त्री हेच सांगत होते, पण काकांनी आयुष्यभर बँकेत रकाने भरलेले. "तो कोपरा राहिला. तो खालचापण भर. पैसे दिलेत मी."

"काका, खालची भोकं नाही भरत."

"का?"

हे मात्र प्रत्येक गाडीवाल्यानं ऐकून ठेवण्यासारखं आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून सरळ दाराच्या पोटात उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. ती बुजवली की पाणी आतच साठतं, दार गंजतं आणि वळण घेताना दारातून लाटांचा आवाज येतो. हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यासाठी महापालिकेनं प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. काका तिसरी टाकी दारात बांधायला निघाले होते.

शीट घेतानाही बघून घ्यावी लागते. स्वस्तातल्या शीटमध्ये ब्यूटाइलच्या जागी डांबर असतं. मे महिन्यात गाडी उन्हात तापली की ते मऊ पडतं, खाली सरकतं आणि गाडीत नव्या रस्त्याचा वास सुटतो. महापालिका रस्त्यांवरचं डांबर काढून सिमेंट घालत सुटली आहे. ते डांबर आपल्या दारात येऊन बसावं, हा पुनर्वसनाचा प्रकार मला फारसा पटत नाही.

काम झाल्यावर चाचणी घ्यायची म्हणून आम्ही लालबागहून दादरला निघालो. पुढे काका, शेजारी मी, मागे काकू आणि त्यांच्या सोबतीला सर. सर हिंदू कॉलनीतले. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवण्यातून निवृत्त झालेले नाहीत. त्यांच्या मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं अॅप होतं.

"आधी हे समजून घ्या," सर मागून म्हणाले, "डेसिबलची बेरीज आपल्यासारखी होत नाही. एक हॉर्न नव्वद डेसिबल वाजतोय, त्याच्या शेजारी तसाच दुसरा वाजला, तर एकशेऐंशी नाही होत. त्र्याण्णव होतात."

"म्हणजे दुसरा हॉर्न जवळजवळ फुकटच," काका म्हणाले. दुकानदाराच्या सवलतीला विज्ञानाचा आधार मिळाला होता.

"आणि आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. तुमच्या दारांनी फार तर त्यातले मोजके होतील. कारण आवाज काही फक्त दारातून येत नाही. तो टायरमधून, सस्पेन्शनमधून तळाशी येतो, मडगार्डच्या आतून येतो, डिकीतून येतो आणि सगळ्यात आधी काचेतून येतो. माठ कितीही जाड घेतलात आणि त्याला बारीक भोक असलं, तर पाणी जाडी बघत बसत नाही. शंभरातला एक भाग उघडा राहिला, तरी वीस डेसिबलच्या पलीकडे काही अडत नाही. तुमच्या दाराचं बीडिंग बघा, कडक होऊन चिरलंय. आधी ते बदलायला हवं होतं."

"ते मिस्त्री बोलले नाहीत."

"बीडिंगवर हॉर्न फुकट मिळत नसेल."

एव्हाना आम्ही आंबेडकर रोडवर भारतमाता सिनेमापाशी पोचलो होतो. पोचलो होतो म्हणजे थांबलो होतो. सरांनी पुढे वाकून स्पीडोमीटर पाहिला.

"टायर आणि रस्ता यांच्या घासण्याचा आवाज इंजिनाच्या वर चढतो तो साधारण ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर. वेग दुप्पट झाला की तो नऊ ते बारा डेसिबलनी वाढतो. आपला वेग आत्ता किती आहे?"

"आत्ता उभे आहोत."

"मग रस्त्याचा आवाज किती आहे?"

गाडीत गंभीर शांतता पसरली. उभ्या गाडीला रस्त्याचा आवाज नसतो. ज्या आवाजाच्या बंदोबस्तासाठी काकांनी निवृत्तीच्या ठेवीला हात घातला, त्याचा बंदोबस्त वाहतुकीनं केव्हाच केला होता, तोही चारी दारांना, चाकांना आणि डिकीला एकदम. शिवाय शीटचं दहा-बारा किलो वजन न वाढवता.

सरांना राहवलं नाही. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्यानं रोल्स-रॉइसची जी जाहिरात केली, तिची गोष्ट त्यांनी सांगितली. ताशी साठ मैलांच्या वेगात या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो तिच्यातल्या घड्याळाचा, असा तिचा दावा होता.

"आमच्याकडेही घड्याळच ऐकू येतं," काका म्हणाले. "दुसरं काही हलतच नाही."

"शीटचा खरा उपयोग बघायचा असेल तर कोस्टल रोडला या," सर म्हणाले. "सरळ रस्त्यावर ऐंशीची परवानगी आहे, बोगद्यात साठची. तिथे टायर गातात. तिथे तुम्हांला फरक कळेल."

"तिकडे आमचं कोण राहतं?" मागून काकूंनी विचारलं. त्यावर भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

आमच्या शेजारीच लालबागच्या उड्डाणपुलाचे खांब उभे होते. २०११च्या जूनमध्ये हा सुमारे अडीच किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि लालबाग-परळच्या वाहतुकीचे दोन मजले झाले. खालच्या मजल्यावर हॉर्न आहे आणि वेग नाही. वरच्या मजल्यावर वेग आहे, म्हणजे टायरची घरघर आहे. ही घरघर पुलालगतच्या इमारतींच्या खिडक्यांतून जाते. वरून जाणाऱ्यानं काच बंद केलेली असते, एसी लावलेला असतो, दारात शीट असते. खिडकीत बसलेल्या आजीबाईंना यातलं काहीच नसतं. रस्त्याचा आवाज ज्याच्या टायरचा असतो त्याच्या कानावर कमी पडतो आणि ज्याची गाडीच नसते त्याच्या घरात मुक्कामाला राहतो. त्यांच्या खिडकीला डॅम्पिंग मारून देतो म्हणणारा दुकानदार अजून कुणी पाहिलेला नाही.

तसं या भागाला आवाजाचं वावडं कधीच नव्हतं. १८७४ साली मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या टापांसकट, १९०७ साली विजेची आली ती घंटेसकट, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली तेव्हा लोक तिला निरोप द्यायला रस्त्यावर उतरले. दादरला 'टी.टी.' ही अक्षरं तेवढी मागे राहिली. ट्राम नाही, टर्मिनसही नाही. गिरण्यांचे भोंगे तर गिरणगावाची घड्याळंच होती. भोंगा झाला की पाणी तापायचं, भोंगा झाला की डबा भरला जायचा, भोंगा झाला की पोरांना शाळेत हाकललं जायचं. साचेखात्यात पाळी भरून आलेला माणूस घरातही जोरात बोलायचा, कारण कानात साचे चालूच असायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते भोंगे गप्प झाले, तेव्हा परळ-लालबागला शांतता काय भावानं पडते ते कळलं. आवाज म्हणजे त्रास, हे समीकरण इथे इतकं सोपं नाही. काही आवाज पोटापाण्याचे असतात, काही उत्सवाचे असतात. त्यांची इथल्या माणसानं कधी तक्रार केली, कधी नाही केली. पण ते कशासाठी वाजताहेत हे त्याला माहीत असायचं.

हिंदमाताच्या दिशेनं गाडी दोन फूट सरकली आणि मग नवाच प्रकार सुरू झाला. बाहेरची घूंऽऽ थोडी कमी झाली होती, हे खरं. पण ती कमी झाल्याबरोबर तिच्याखाली इतकी वर्षं दबलेले आवाज वर आले. डॅशबोर्डमध्ये काहीतरी किरकिरत होतं. समोरच्या कप्प्यात काहीतरी खुळखुळत होतं. ती श्रीवर्धनहून आणलेल्या सुपारीची डबी निघाली. मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल दाराला टकटक करत होतं. काका एकेका आवाजाचा माग काढत होते. एक सापडला की दुसरा सुरू होई. डिकीत तर नक्की कुणीतरी बसलं आहे, अशी त्यांची खात्री झाली. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, हे सरांनी समजावून सांगितलं. काकांना एवढंच कळलं, की रस्ता बाहेर गेला आणि गाडी आत आली.

आणि काकू आल्या. "अहो, तुम्ही मघाशी काय म्हणालात?" मागच्या सीटवरून प्रश्न आला, स्वच्छ, एकही अक्षर न हरवता. काका मघाशी जे पुटपुटले होते ते पूर्वीच्या घरघरीत सहज विरून गेलं असतं. ब्यूटाइलच्या चार दारांनी त्यांचं हे शेवटचं संरक्षण काढून घेतलं होतं.

"काही नाही, हॉर्न लावून घेतलाय, तो बघतो," म्हणत काकांनी हॉर्न दाबला.

फुकटचा हॉर्न बाहेर कडाडला. समोरच्या दुचाकीवरचा मुलगा जागच्या जागी उडाला, बसथांब्यावरची माणसं वळून बघू लागली, एका कुत्र्यानं फुटपाथ बदलला. आत आम्हांला हलकासा 'पीं' ऐकू आला.

"बारीक वाटतो जरा," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा, या वेळी दाबून धरला.

सगळ्या आवाजबंद मोटारींची गोम इथे आहे. आत जेवढं शांत होत जातं, तेवढा स्वतःचा हॉर्न आपल्याला लहान वाटू लागतो. मग तो वाढतो. समोरच्याच्याही दारात शीट असते, त्याला तो ऐकू जात नाही, म्हणून तो आणखी वाढतो. रुग्णवाहिकेचा भोंगासुद्धा बंद काचांच्या आत उशिरा पोचतो. प्रत्येकानं आपापल्यापुरती शांतता विकत घ्यायची आणि तिचा कचरा बाहेर टाकायचा, असा हा व्यवहार आहे. घरातला केर काढून जिन्यात ढकलणाऱ्यांच्या शहराला तो नवा नाही.

यावर कायदा नाही असं नव्हे. उलट दोन आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मोटारवाहन नियम सांगतात की हॉर्न काही मीटरवरून मोजला तर किमान ९३ डेसिबल वाजला पाहिजे आणि ११२च्या वर जाता कामा नये. म्हणजे हॉर्न कायदेशीर आहे, तो वाजवणारा कायदेशीर आहे आणि तो वाजल्यावर झालेला आवाज बेकायदा आहे. हे मी सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, नियमातली ५५ ही सरासरी असते, एका क्षणाची नव्हे.

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. "मी वाजवतो. बाकीच्यांनी सरासरी सांभाळावी."

विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्या खेपेला हजार आणि पुढच्या खेपेला दोन हजार दंड आहे. अडचण 'विनाकारण' या अटीत आहे. मुंबईत विनाकारण हॉर्न वाजवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सिग्नल हिरवा होणार असतो म्हणून वाजवतात, तो हिरवा झाला म्हणून वाजवतात, लाल आहे म्हणून तर निषेध म्हणून वाजवतात. मागचा वाजवतो म्हणून पुढचा वाजवतो, आणि पुढचा वाजवतोय तर काहीतरी झालं असेल म्हणून मागचा.

यावर सरकारनं उपाय केले नाहीत, असंही नाही. ट्रकच्या पाठीवरची 'हॉर्न ओके प्लीज' ही पाटी हॉर्न वाजवायला उत्तेजन देते म्हणून महाराष्ट्रानं २०१५ साली तिच्यावर बंदी घातली. पाटी गेली, पाठांतर राहिलं. २०२१ साली नाशिकला बोलताना नितीन गडकरी यांनी हॉर्नला बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचे आवाज देण्याची कल्पना मांडली. हेतू चांगला होता. पण संध्याकाळी सहा वाजता परळ टी.टी.ला पाचशे बासऱ्या एकदम, प्रत्येक वेगळ्या पट्टीत, हे ऐकण्यापेक्षा मी शीटवाल्याकडे जाईन.

खरा मुंबईचा उपाय वाहतूक पोलिसांनी काढला होता. २०२०च्या जानेवारीत त्यांनी त्याची चित्रफीत जगाला दाखवली. काही सिग्नलांना डेसिबलमापक जोडला, त्यात आमचं हिंदमाताही होतं. लाल दिवा असताना हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की सेकंदांची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वाजवा, आणखी थांबा. मुंबईकरानं पहिल्यांदाच पाहिलं की सिग्नललाही कान असतात आणि त्याला राग येतो. शेजारच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून एकमेकांना "अहो, नका वाजवू" म्हणू लागली. मुंबईच्या रस्त्यावर काच खाली करून माणसं चांगलं काही बोलली, असे प्रसंग थोडेच. तो प्रयोग होता. प्रयोगासारखाच तो संपला. तो कायम का झाला नाही, हा प्रश्न मला शीटच्या जाडीपेक्षा मोलाचा वाटतो.

गंमत म्हणजे ज्यांनी गाडी पुरती गप्प केली, त्यांच्यावर ती पुन्हा बोलती करायची वेळ आली. विजेवरच्या मोटारी कमी वेगात इतक्या मुक्या असतात की पायी चालणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून युरोपात २०१९पासून विद्युत मोटारींच्या नव्या मॉडेलना सावकाश जाताना मुद्दाम आवाज काढायची सक्ती झाली. म्हणजे आवाज आपल्याला नको आहे असं नाही. तो कामापुरता हवा आहे. हलका, योग्य वेळी आणि समोरच्याला सावध करण्यापुरता. ट्रामच्या घंटेचं कामही तेवढंच होतं.

तेव्हा ज्यांना दारं करून घ्यायची असतील त्यांनी जरूर करून घ्यावीत. मुंबई-पुणे करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. आधी बीडिंग बदला, टायरची हवा तपासा, कप्प्यातली डबी काढून घरी ठेवा. शीट ब्यूटाइलची घ्या, थोडी आणि नीट लावा, तळची भोकं मोकळी ठेवा. दुकानदार हॉर्न फुकट देत असेल तर तो दुकानातच ठेवून या. आणि परळमधून जाताना एक ध्यानात असू द्या. एकीकडे १९२६ पासूनचं केईएम रुग्णालय आहे, त्याच्याजवळ १९४१ पासूनचं टाटा रुग्णालय. आत झोपलेल्या माणसांच्या खाटांना दारं नसतात, मग शीट कुठून असणार? तिथे हॉर्नवरचा हात उचला. मुंबईतलं सगळ्यात स्वस्त डॅम्पिंग तेच आहे, आणि त्याचा फायदा गाडीबाहेरच्यांनाही होतो.